वाढती वस्ती आणि वसईच्या कॅथलिक शाळा

चांगल्या मिशन शाळेत मुलाला प्रवेश मिळवून देणे हे वसई–विरार परिसरातील सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने लग्नकार्याइतकेच जिकिरीचे काम होऊन बसले आहे. प्रवेशअर्जांचे दिवस आले की कोणी धर्मगुरूंची ओळख काढतो, कोणी पुढाऱ्याची चिठ्ठी आणतो, कोणी आपण त्याच शाळेचे माजी विद्यार्थी असल्याचा जुना दाखला ट्रंकेतून शोधून काढतो. आणि इतके करूनही ज्यांच्या पदरी निराशा येते त्यांची संख्या थोडी नसते. या गर्दीवर शाळाचालकांपाशी वर्षानुवर्षे एकच तोडगा आहे. इमारतीवर आणखी एक मजला चढवावयाचा, अथवा आहेत त्याच वर्गांत आणखी चार बाके दाटीने बसवावयाची. हा तोडगा सोयीचा आहे यात शंका नाही. तो विचारपूर्वक काढलेला आहे काय, हा प्रश्न मात्र कोणीतरी विचारला पाहिजे.

प्रश्नाचे आकारमान आधी ध्यानात घेऊ. २००१ च्या जनगणनेत वसई, नवघर–माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिकांची मिळून लोकसंख्या ४ लाख ७० हजारांच्या आत होती. २००९ साली या नगरपालिका आणि आसपासची गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली व २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीतील लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेलेली आढळली. गावांच्या समावेशामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करता येत नाही, हे खरे. तथापि गावांची वजावट केली तरी दहा वर्षांत येथे जे घडले त्याला वाढ म्हणण्यापेक्षा लोंढा म्हणणे अधिक योग्य ठरेल. याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांपर्यंत खाली आली आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, परंतु माणसांचा ओघ जिल्ह्यांच्या सीमा पाहून वाहत नाही. गिरगाव, माझगाव, परळ येथील चाळींतून निघालेली कुटुंबे आधी उपनगरांत गेली, तेथील भाडी परवडेनाशी झाल्यावर विरारची गाडी पकडून इकडे आली. त्यांच्याबरोबर उत्तरेतून, केरळ–तामिळनाडूतून, कोकणातून, पालघरच्या आदिवासी पाड्यांतून आलेलीही आली. २०११ नंतर या देशात जनगणनाच झालेली नाही; त्यामुळे आज येथे नेमकी किती मुले शाळेच्या वयाची आहेत हे अधिकारवाणीने सांगता येईल असा कोणीही नाही.

अशा परिस्थितीत कॅथलिक धर्मसंस्थेने आपल्या शाळांच्या विस्ताराचा विचार करावा अशी अपेक्षा करणे स्वाभाविक आहे. वसईला ही अपेक्षा बाळगण्याचा ऐतिहासिक हक्कही आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि पुढे १७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी ती जिंकून घेतली; या दोन शतकांत किल्ल्यात जेझुइटांचे जे विद्यालय उभे राहिले त्याचे भग्नावशेष आजही पाहावयास मिळतात. जपानात नागासाकी येथे १५९७ मध्ये हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया हे याच भूमीतले आणि याच विद्यालयाच्या संस्कारांत वाढलेले. पोर्तुगीज गेल्यानंतरच्या काळात, आणि विशेषतः गेल्या शतकात, पापडी, माणिकपूर, निर्मळ, आगाशी, नंदाखाल, गास अशा गावोगावच्या धर्मग्रामांनी शाळा चालविल्या. केळी, पानवेल आणि फुलांच्या वाड्यांवर राबणाऱ्या सामवेदी व वाडवळ कुटुंबांतून शिक्षक, कारकून, परिचारिका आणि लेखक निर्माण झाले ते या शाळांमुळे. १९९८ च्या मे महिन्यात मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत वेगळा काढण्यात आला. म्हणजे आता नियोजनाची जबाबदारी मुंबईवर ढकलण्याचीही सोय उरलेली नाही. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे ख्रिस्ती शिक्षण देणाऱ्या शाळा जेथे नसतील तेथे त्या निघतील असे पाहणे हे बिशपांचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. त्यातील ‘जेथे नसतील तेथे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

कारण आजची अडचण नेमकी हीच आहे. शाळा एका ठिकाणी आहेत आणि मुले दुसऱ्या ठिकाणी. जुने धर्मग्राम आणि त्यांच्या प्रतिष्ठित शाळा रेल्वेच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूच्या हिरव्या पट्ट्यात आहेत. नव्या वस्तीचा मोठा भार पूर्वेला आहे. नालासोपारा पूर्व, विरार पूर्व, वसई पूर्वेच्या कारखान्यांभोवतीच्या चाळी. तेथील सहा वर्षांचे मूल पश्चिमेच्या शाळेत यावयाचे तर त्याने रिक्षात इतर आठ मुलांबरोबर कोंबून पुलावरच्या कोंडीतून प्रवास करावयाचा. ज्याच्या बापाला रिक्षाचे महिन्याचे पैसे परवडत नाहीत ते मूल येतच नाही. पश्चिमेच्या शाळेवर मजला चढविल्याने ज्याला रिक्षा परवडते त्याचीच सोय होते. शिक्षणहक्काच्या कायद्याखालील नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. हे बंधन शासनावर आहे, मिशनवर नाही, हे मान्य. परंतु शासनाने जो विचार नियम म्हणून मांडला तो धर्मसंस्थेने निदान विवेक म्हणून तरी मानावयास हरकत नसावी.

मजले वाढविणे आणि मुलांच्या मागे जाणे या दोन गोष्टींत अंतर किती असते, हे अमेरिकेतील कॅथलिकांच्या अनुभवावरून कळते. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक चर्चच्या लगत दोन वर्षांच्या आत शाळा उघडावी असा दंडक घातला. आयरिश, जर्मन, इटालियन, पोलिश स्थलांतरितांची मुले त्या काळी शहरोशहरी ओतली जात होती. दंडक दोन वर्षांत अर्थातच पुरा झाला नाही, पण कामाला जी गती मिळाली ती विलक्षण होती. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्या देशात सुमारे तेरा हजार कॅथलिक शाळांतून ५२ लाखांच्या आसपास मुले शिकत होती. जगाच्या इतिहासात खासगी शाळांची एवढी मोठी व्यवस्था क्वचितच उभी राहिली असेल. आज तेथे सहा हजारांहून कमी शाळा उरल्या असून त्यांत १७ लाखांच्या आसपास विद्यार्थी आहेत. हे कशाने घडले? जन्मदर घटला, श्रद्धा ओसरली, ही कारणे आहेतच. पण शाळांच्या हिशेबाच्या दृष्टीने दोन कारणे अधिक बोलकी आहेत. पहिले असे की कॅथलिक कुटुंबे शहरे सोडून उपनगरांत राहावयास गेली आणि शाळांच्या भक्कम विटांच्या इमारती जुन्या मोहल्ल्यांतच राहिल्या. दुसरे असे की हा सारा डोलारा धर्मभगिनींच्या जवळजवळ विनावेतन श्रमांवर उभा होता. १९२० च्या सुमारास तेथील दर दहा शिक्षकांपैकी नऊ धर्मभगिनी, धर्मबंधू वा धर्मगुरू होते; आज शंभरात तीनही नाहीत. धर्मभगिनींच्या जागी संसारी शिक्षक आले, त्यांना संसारी माणसाचा पगार द्यावा लागला, शुल्क वाढले, आणि ज्या गरिबांसाठी शाळा काढल्या होत्या त्यांनाच त्या परवडेनाशा झाल्या.

या दोन्ही गोष्टी वसईत आज घडत आहेत, एवढेच सांगावयाचे आहे. दक्षिण मुंबईत तर त्या घडूनही गेल्या.

मोजणी कोणाची करावयाची?

शाळेच्या नियोजनाचे पहिले साधन मोजणी. याबाबतीत धर्मग्रामांपाशी शासनाजवळ नसलेले एक चांगले साधन आहे, ते म्हणजे बाप्तिस्म्यांची नोंदवही. या वर्षी किती बालकांचा बाप्तिस्मा झाला हे पाहिले की सहा वर्षांनी पहिलीत किती येतील याचा अंदाज बांधता येतो. जुन्या, स्थिर गावांत हा अंदाज फारसा चुकत नसे. परंतु पूर्वेच्या वस्तीत तो पार कोलमडतो. तेथील ख्रिस्ती कुटुंब कोल्लमहून आलेले असते, मंगळूरहून आलेले असते, नाहीतर तलासरीकडून. लेकराचा बाप्तिस्मा बहुधा आजोळी झालेला असतो आणि नाव तिकडच्या वहीत असते. वहीत पाहून शाळा काढावयाची ठरविली तर जेथे मुले कमी होत चालली आहेत त्या पश्चिमेच्या गावांतच शाळा निघेल. तेव्हा घरोघर जाऊनच मोजले पाहिजे, दुसरा इलाज नाही.

आणि मोजावयाचे ते केवळ ख्रिस्ती बालकांनाच काय? या प्रश्नावर धर्मसंस्थेच्या आत आणि बाहेरही पुष्कळ गैरसमज आहेत. बाहेर असा समज की मिशन शाळा म्हणजे ख्रिस्ती मुलांची राखीव जागा. आत अशी तक्रार की आमच्याच शाळांत आमच्याच मुलांना प्रवेश नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की देशातील धार्मिक अल्पसंख्याकांत ख्रिस्ती समाजाचा वाटा ११.५४ टक्के असला तरी अल्पसंख्याकांच्या शाळांपैकी जवळजवळ ७२ टक्के शाळा ख्रिस्ती संस्थांच्या आहेत आणि या ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्य नसलेल्या समाजांतील आहेत. आयोगाचा रोख या शाळांना मिळणाऱ्या सवलतींविरुद्ध होता, आणि त्याच्या सर्व निष्कर्षांशी सहमत होण्याचे कारण नाही. परंतु त्याच अहवालातील आणखी एक आकडा कॅथलिक शाळाचालकांनी डोळ्यांआड करू नये. सर्व अल्पसंख्य शाळांत मिळून सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण नऊ टक्क्यांहूनही कमी आढळले. म्हणजे दरवाजे सर्व धर्मांना उघडे आहेत, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण ते सर्व मिळकतींना उघडे आहेत असे म्हणता येत नाही.

घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. त्याच हक्काच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मे महिन्यात अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, शिक्षणहक्क कायद्यातून वगळले. दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर राहिले नाही. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे मत नोंदविले. न्यायालयात काय व्हावयाचे ते होईल. परंतु जो हक्क दुर्बलांच्या रक्षणासाठी मिळाला त्याचा उपयोग दुर्बलांना दाराबाहेर ठेवण्यासाठी होतो आहे असा ठपका ज्या संस्थेवर येऊ शकतो तिने न्यायालयाची वाट पाहत बसू नये. नव्या शाळांपैकी पहिली शाळा नालासोपाऱ्याच्या पूर्वेस निघाली आणि तीत चाळीतल्या मुलांना त्यांचा धर्म न विचारता जागा मिळाली, तर त्या ठपक्याला तेवढे उत्तर पुरे होईल. चाळीतल्या ख्रिस्ती मुलालाही जागा मिळेल ती अशाच शाळेत. पश्चिमेच्या मजल्यावर त्याला ती मिळत नाही.

पगाराचा हिशेब

येथपर्यंत बहुतेकांची संमती मिळेल. अडचण पुढे आहे, आणि ती इमारतीची नाही. इमारतीला देणगीदार मिळतात. कोनशिलेवर नाव कोरले जाते. शिक्षकाच्या पगारावर कोणाचे नाव कोरता येत नाही.

जुन्या मिशन शाळांचा मराठी विभाग बहुधा अनुदानित आहे. शिक्षकाचा पगार शासन देते, संस्था इमारत आणि शिस्त पुरविते. ही व्यवस्था नव्या शाळांना उपलब्ध नाही. २००१ साली शासनाने नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले. ‘कायम’ हा शब्द २००९ साली गळाला, पण तेवढ्याने अनुदान दारी चालून आले नाही; विनाअनुदानित शिक्षकांनी त्यानंतर किती वेळा आझाद मैदानात मुक्काम ठोकला हे वाचकांपैकी अनेकांना प्रत्यक्ष ठाऊक असेल. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा मार्ग मोकळा केला. त्या नावातच सर्व आले. शाळा काढा, खर्च तुमचा.

आता साधा हिशेब करू. समजा, नालासोपाऱ्याच्या शाळेत एका वर्गात चाळीस मुले घेतली. शिक्षणहक्काच्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंत तिसांमागे एक शिक्षक हवा, पण तूर्त चाळीस धरू. चाळीतल्या कुटुंबाला झेपेल असे शुल्क दरमहा पाचशे रुपये ठेवले. एकूण जमा वीस हजार. अनुदानित शाळेतील प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगानुसार २९,२०० रुपयांपासून सुरू होते; महागाईभत्ता व घरभाडे निराळे. वर्गातील सर्व शुल्क एका शिक्षकाच्या हातावर ठेवले तरी त्याचे मूळ वेतनसुद्धा भरत नाही. मग शिपाई, कारकून, वीज, पाणी, दुरुस्ती यांचे काय? या हिशेबातून सुटण्याच्या तीन वाटा आहेत. शुल्क तिप्पट करावयाचे, म्हणजे गरीब गेले. वर्गात सत्तर मुले भरावयाची, म्हणजे शिक्षण गेले. नाहीतर शिक्षकाला आठ–दहा हजारांवर राबवावयाचे. आणि खासगी शाळांत हीच वाट सर्वाधिक मळलेली आहे. शासनानेही २००० साली शिक्षणसेवक योजना आणून तिला एक प्रकारची प्रतिष्ठा मिळवून दिली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सोळा हजारांवर यावयास २०२३ साल उजाडावे लागले.

धर्मभगिनींनी आपले आयुष्य वाहिले म्हणून जुन्या शाळा स्वस्तात चालल्या. घरातून एक मुलगी मठात जाणे ही वसईच्या मोठ्या कुटुंबांत नवलाची गोष्ट नव्हती; ज्या घरात एकच मुलगी आहे त्या घराकडून ती अपेक्षा करता येत नाही. तेव्हा त्यांचा त्याग हा यापुढच्या अंदाजपत्रकातील जमेची बाजू समजता येणार नाही. आणि विनावेतन त्याग हा ज्याने स्वतःहून पत्करला त्याचा गौरव असतो. नोकरी करणाऱ्या शिक्षिकेकडून तो करारनाम्याद्वारे वसूल करणे याला दुसरे नाव आहे.

यातून मार्ग एकच दिसतो. पश्चिमेच्या स्थिर धर्मग्रामांनी पूर्वेच्या शाळेतील शिक्षकांचा पगार काही वर्षे आपल्या अंगावर घ्यावा. शाळांच्या शुल्कातून नव्हे. ते शुल्क त्या पालकांनी त्या शाळेसाठी दिलेले असते. पण दोन हजार कुटुंबांनी दरमहा पन्नास रुपये दिले तर एक लाख रुपये होतात आणि त्यात दोन शिक्षकांचा भत्त्यांसह पगार निघतो. माजी विद्यार्थ्यांच्या संघटना आहेत, परदेशी गेलेले वसईकर आहेत. लग्नातील मंडप, बँड आणि पंगती यांवर आमच्या वाड्यांतून काय खर्च होतो याचा आकडा कोणी मांडीत नाही, ते एका अर्थी बरेच आहे. वर्गणीची रक्कम इमारतनिधीत न मिसळता वेतननिधी म्हणून स्वतंत्र ठेवावी आणि पाच वर्षांच्या पगाराची तरतूद झाल्याखेरीज कोनशिला बसवू नये. हा क्रम उलटा वाटेल. परंतु आजवर इमारत आधी व शिक्षक मागाहून या क्रमाने काय हाती आले ते आपण पाहिलेच आहे.

मराठी वर्गांच्या खोल्या

विस्ताराची चर्चा सुरू झाली की एक सूचना हमखास पुढे येते. मराठी विभागाच्या खोल्या रिकाम्या पडू लागल्या आहेत, त्या इंग्रजीला द्याव्यात. एकाच आवारात एका बाजूस बाके अपुरी आणि दुसऱ्या बाजूस मुले अपुरी, असे दृश्य असताना ही सूचना व्यवहारी वाटते. पालकांचा ओढा इंग्रजीकडे आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांनी मराठीच्या नावाने सभा गाजविल्या त्यांचीही नातवंडे कोठे शिकतात हे विचारू नये.

तरीही या सूचनेला विरोध केला पाहिजे, आणि तो केवळ भावनेपोटी नव्हे. वसईच्या कॅथलिकांचे मराठीशी असलेले नाते सांगावयास फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या २०२० च्या उस्मानाबाद साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत कितीतरी दाखले देता येतील. ते बाजूस ठेवू. व्यवहाराचाच मुद्दा असा की मराठी विभागाच्या तुकड्या अनुदानित आहेत. पटसंख्या घसरली की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते, आणि गेलेले पद आजच्या धोरणात परत मिळत नाही. म्हणजे इंग्रजीला दिलेली प्रत्येक खोली ही गरिबाला जवळजवळ विनाशुल्क मिळणारे शिक्षण कायमचे बंद करून शुल्क देऊ शकणाऱ्याला दिलेली खोली असते. विस्तार म्हणून जे मांडले जाते ते वस्तुतः गिऱ्हाईक बदलणे आहे.

गोव्यात १९९० साली शासनाने प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेतून शिकविणाऱ्यांपुरते मर्यादित केले, तेव्हा धर्मप्रांताच्या अनेक इंग्रजी शाळा कोंकणीकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचे ठरताच त्यांतील बहुतेक परत इंग्रजीकडे आल्या. मन न वळता केवळ अनुदानाने माध्यम बदलले की ते अनुदानाबरोबरच परत जाते, हे तेथे दिसले. म्हणून सक्तीने काही साधेल असे नाही. शिवाय पूर्वेच्या चाळीतील मुलाची घरची भाषा पुष्कळदा भोजपुरी, तमिळ वा मल्याळम असते. त्याच्या बाबतीत मराठी माध्यम म्हणजे मातृभाषेतील शिक्षण नव्हेच. त्याला मराठी ही ज्या गावात राहावयाचे त्या गावाची भाषा म्हणून हवी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व इतर विषय मराठीतून, या ज्या मिश्र पद्धतीला पालक सेमी–इंग्रजी म्हणून ओळखतात ती अनुदानित मराठी तुकड्यांत नीट चालविली, तिला चांगले शिक्षक दिले आणि पूर्वेच्या काही मुलांना बसची सोय करून त्या तुकड्यांत आणले, तर रिकाम्या खोल्याही भरतील आणि पदेही वाचतील. बसचा खर्च नव्या मजल्याच्या खर्चाचा अल्पांशही होणार नाही.

राहता राहिला जमिनीचा प्रश्न. पश्चिमेला विस्तार करावयाचा म्हणजे वाड्यांची जमीन घ्यावयाची, विहिरींच्या पाण्यावर ताण आणावयाचा. हरित वसईसाठी ज्या धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी बिल्डरांच्या विरोधात लढा दिला त्यांच्याच संस्थांनी केळीच्या बागांत काँक्रीट ओतावे हे शोभणारे नाही. पूर्वेला जमीन महाग आणि तिचे कागद संशयास्पद. विकास आराखड्यात शाळांसाठी आरक्षणे असतात, पण आरक्षणाचे काय होते याचा नमुना नालासोपारा पूर्वेस सर्वांनी पाहिला. सांडपाणी प्रक्रिया आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, न्यायालयाच्या आदेशाने त्या २०२५ च्या प्रारंभी पाडून संपविण्यात आल्या, आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्या घरांतही शाळेत जाणारी मुले होतीच. बिल्डरने देऊ केलेल्या फुकट भूखंडावर शाळा बांधण्यापूर्वी सातबारा आणि आराखडा दोन्ही तपासण्याची सावधगिरी म्हणूनच आवश्यक आहे. तूर्त पूर्वेच्या चर्चचे सभागृह आठवड्याचे सहा दिवस रिकामे असते. मान्यतेच्या अटी पुऱ्या होईपर्यंत तेथे बालवर्ग आणि सायंकाळचे अभ्यासवर्ग चालवावयास कोणाची आडकाठी नाही.

शाळा लहान असावी, हेही जाताजाता सांगितले पाहिजे. महाराष्ट्राचा एकूण जननदर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ आढळला; म्हणजे पिढी स्वतःची भरपाईही करीत नाही. वसईची वाढ पाळण्यातून आलेली नसून रेल्वेच्या फलाटावरून आलेली आहे, आणि फलाटावरून आलेली वस्ती पुढच्या स्थानकाकडे सरकते. बोईसर, पालघरकडे ती सरकू लागलीच आहे. पन्नास वर्षांचा विचार करून सहा मजली वास्तू बांधली तर पंचविसाव्या वर्षी तिचे वरचे तीन मजले कबुतरांना द्यावे लागतील. बालवर्ग आणि पहिलीपासून आरंभ करून दरवर्षी एक इयत्ता वाढवीत सातवीपर्यंत जावे, पुढच्या इयत्तांसाठी पश्चिमेच्या मोठ्या शाळांशी बांधून घ्यावे. त्या शाळांत वरच्या वर्गांना खोल्या लागतील त्या त्यांनी आजच मजला न वाढविता राखून ठेवाव्यात.

जनगणनेसाठी २०२७ हे वर्ष जाहीर झाले आहे. वस्तीनिहाय तपशील हाती येईपर्यंत आणखी काही काळ जाईल. तोवर थांबण्याचे कारण नाही. पूर्वेच्या धर्मग्रामांनी दिवाळीच्या सुटीत आपल्या तरुणांना व शाळांतील शिक्षकांना बरोबर घेऊन चाळी वाटून घ्याव्यात आणि प्रत्येक खोलीत तीन गोष्टी विचाराव्यात. सहा वर्षांखालील मुले किती, मोठी मुले सध्या कोणत्या शाळेत जातात, आणि महिन्याला शाळेवर किती खर्च होतो. धर्म विचारू नये. ही वही जानेवारीपर्यंत तयार झाली, तर पुढील जूनच्या प्रवेशांपूर्वी धर्मप्रांताच्या शिक्षणमंडळापुढे चर्चेला घेण्यासारखे काहीतरी कागदावर असेल.